बोडीत भिजवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सध्या गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका गोठ्यात माळ्यावर पडून असते आणि माझ्या अंगावर गोवऱ्या रचलेल्या आहेत. मुलांशी गोड बोलावे म्हणतात, पण मला ते जमत नाही. माणसांविषयी माझे मत काही चांगले नाही. ते तसे का झाले, हेच आज सांगणार आहे. शेवटी शेवटी माझे स्वतःविषयीचे मतही जरा बिघडले. तेही सांगेन. झाकून ठेवायला मी काही माणूस नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. अंग ब्रह्मदेशच्या सागवानाचे, बैठक आणि पाठ वेताची. पुढे दोन मोठी चाके, त्यांवर भरीव रबर, मागे दोन लहान चाके आणि चाकांच्या पोटात पोलादी छर्रे. माझे सांधे खिळ्यांचे नव्हते, सरसाने चिकटवलेले होते. खिळे ठोकणे हे गावठी सुताराचे काम, असे मी समजत असे. मला भारी तोरा होता.

गोंदियातल्या रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाने मला आपल्या आईसाठी मागवले. म्हातारीला चालता येत होते, तिला चालायचे नव्हते, इतकेच. १९४७ साली साहेब गाशा गुंडाळून निघाला, तेव्हा त्याने कुत्रा बरोबर नेला आणि मला लिलावात काढले. यावरून त्याची पारख तुम्हाला कळेल.

लिलावात मला घेतले ते फुलचूरच्या भैयाजींनी. भैयाजी म्हणजे चाळीस एकर धानाच्या बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, मालक. पांढरेशुभ्र धोतर, मिशांना तूप आणि दोन्ही पाय ठणठणीत. साहेबाची खुर्ची, एवढेच त्यांना कळले. ती कोणासाठी असते हे त्यांनी विचारले नाही आणि सांगायची कोणाची छाती झाली नाही. रोज सकाळी त्यांचा गाडीवान बिसराम मला शेताच्या कडेपर्यंत ढकलत नेई आणि वर भैयाजी पान चघळत बसलेले असत. पहिल्या आठवड्यात गावातल्या बायका त्यांच्या पायांची विचारपूस करायला घरी आल्या. दुखणे पायांना नव्हते, डोक्याला होते. सहा वर्षे मी ते ओझे वाहिले.

मग १९५३ चा मार्गशीर्ष आला. धान कापून झाले की भाऱ्यांचा उंच ढीग रचतात, त्याला इकडे पुंजना म्हणतात. त्या दिवशी मजूर शेजारच्या गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, गेले होते आणि भैयाजींना चुरणीची, म्हणजे मळणीची, घाई झाली होती. त्यांनी सुनेला, शामकलेला, वर चढून भारे खाली टाकायला सांगितले.

ती म्हणाली, "मामाजी, आज नाई चढत. मले भोवळ येऊन राहिली."

भैयाजी माझ्यावर बसले होते. माझ्यावर बसूनच ते म्हणाले, "चढ, चढ. कामाले लागली का जाते भोवळ."

ती चढली आणि खाली आली ती पाठीवर. नागपूरपर्यंत नेऊन आणले, पण कमरेखालचे अंग गेले ते गेलेच. त्यानंतरही भैयाजी तीन महिने माझ्यावर बसत होते आणि सून ओसरीवर अंग ओढत होती. चौथ्या महिन्यात एका पाहुण्याने तोंडावर विचारले, की पाय नक्की कोणाचे गेले, तेव्हा कुठे त्यांनी मला सुनेकडे सरकवले. दिले म्हणताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू हत्ती दान केला.

शामकला माझ्यावर बसू लागली आणि मला वाटले, आता माझे सोने झाले. मित्रांनो, त्या दिवसापासून माणसे मला खरी कळली. येणारा जाणारा माझी चाके फिरवून बघे, वेत दाबून बघे. आणि तिच्याविषयी काही विचारायचे तर मागे उभ्या असलेल्या दुधरामला विचारे. दुधराम हा तिचा नवरा. भला माणूस होता, म्हणजे कोणाच्या कामाचा नव्हता. बापासमोर त्याच्या तोंडून एक वाक्य पुरे बाहेर पडलेले मी कधी ऐकले नाही.

आता मुख्य गोष्ट. १९५८ च्या फाल्गुनात शामकलेच्या मुलीसाठी, रुख्मासाठी, देवरीकडचे स्थळ आले. मुलाचे नाव कवडू. आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलाचे घर बघायला जातात. जातात ते पुरुष. ते बैल बघतात, विहीर बघतात, धान साठवायची ढोली ठोकून बघतात आणि पानसुपारी खाऊन होकार देतात. घरातली सून काय खाते, कधी निजते, हे बघायला कोणी चुलीपर्यंत जात नाही. बैलाचे दात मात्र मोजतात.

शामकलेने सांगितले, "मी येतो. मले त्या घरच्या बाईले एक गोठ विचाराची आहे."

"काय विचाराचं ते मले सांग, मी विचारतो," भैयाजी म्हणाले.

"तुमाले नाई विचारता येत ते, मामाजी."

काय विचारायचे ते मला ठाऊक होते. रोज दुपारी ती माझ्यावर बसून तेच पुटपुटत असे. त्या घरातल्या सुनेने एखाद्या दिवशी नाही म्हटले, तर तिचे नाही कोणी ऐकते का? तिला एवढेच जाणून घ्यायचे होते. स्वतःच्या सासरी तिला त्याचे उत्तर मिळाले होते. रुख्माचे उत्तर तिला आधी हवे होते, मागून नको होते.

भैयाजींनी ते उडवून लावले. पण रुख्मा म्हणाली, "आई पाहून येईल तं मी हो म्हनीन. बाकीच्यानं पाहिलेलं मले नाई पुरत." नातीपुढे भैयाजींचे काही चालेना. तेव्हा ते तोंडदेखले हो म्हणाले. त्याच संध्याकाळी गोठ्यात दुधरामला त्यांनी हळूच सांगितले, की गावाबाहेर आमराई असेल, तिथे हिला गाडीतच ठेवायचे. मुलाच्या घरी सांगायचे, आई तापाने फणफणली म्हणून आली नाही. लंगडी आई पाहिली तर ते म्हणतील, रोग घराण्यात आहे. दुधरामने मान हलवली. तो मान तेवढी चांगली हलवी.

मोटारीने जावे म्हणून दुधराम गोंदियाला विचारून आला होता. कंडक्टर म्हणाला, "कुर्सी का अलग टिकट लगेगा, और बाई को गोद में बिठा लेना." त्याच्या हिशेबाने मी प्रवासी आणि ती गाठोडे. म्हणून मग बैलगाड्याच जुंपल्या. भैयाजी पुढे हलक्या रेंगीत. मागे मोठ्या खासरात तणसाच्या गादीवर शामकला, शेजारी दुधराम आणि मागच्या दांड्याला दोरीने बांधलेली मी. गाडी हाकायला बिसराम. कलकत्त्याची खुर्ची धुळीत उलटी लटकत निघाली.

चैत्र लागला होता. मोहाची फुले पडत होती आणि दुपारी रस्ता तव्यासारखा तापे. आमगावला मुक्कामाला थांबलो, शामकलेला माझ्यावर बसवले, तर अर्धे गाव गोळा झाले. कोणी माझी चाके फिरवली, कोणी माझ्यावर बसू पाहे. एक पागोटेवाला शहाणा शामकलेकडे बोट करून दुधरामला म्हणाला, "यायले आयकू येते का?"

दुधराम घसा खाकरत होता, तोवर शामकलाच म्हणाली, "आयकू येते. तुमाले दिसते का?"

माणूस वरमला. पण एका म्हातारीने पुण्य लागेल म्हणून तिच्या ओच्यात मूठभर तांदूळ टाकले आणि हात जोडले. भीकही घातली आणि नवसही बोलली, एकाच मुठीत. शामकलेने ते तांदूळ बैलांना चारले. मला ती बाई त्या दिवशी आवडली, असे कबूल करते. तरी मनात म्हटले, माझ्यावर बसली आहे म्हणून हिच्या बोलण्याला वजन आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच एका बोडीकाठी गाड्या सोडल्या. बोडी म्हणजे शेताजवळचे लहान तळे. बैल सावलीला बांधले आणि बिसरामने खासराची चाके तपासली. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड सुकते, आक्रसते आणि वरची लोखंडी धाव सैल होते. मग गाडीवान चाके पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते आणि धाव पुन्हा आवळून बसते. आमच्या झाडीपट्टीतल्या कोणत्याही गाडीवानाला ही अक्कल असते आणि तिच्यापलीकडे कोणतीही नसते.

बिसरामने खासर बोडीत उतरवले. मग त्याने मला हलवून पाहिले. धक्क्यांनी माझे डावे चाक जरा खडखडत होते.

"बाई, तुमचीबी चाकं वाळली," तो शामकलेला म्हणाला. "देतो भिजू. उद्या मानसायसमोर खडखड नोको."

त्याच्या मनात फक्त चांगलेच होते. माणसाने चांगल्या मनाने केलेले नुकसान फार पक्के असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्याने मला दगड बांधून गळ्यापर्यंत बोडीत बुडवले आणि स्वतः मोहाखाली ताणून दिली. ऊन उतरेपर्यंत मी त्या गढूळ पाण्यात होते आणि म्हशी माझ्या पाठीला अंग घासत होत्या. छर्ऱ्यांत गाळ गेला. वेत ढिला पडला. आणि सांध्यांतला माझा तो सरस, ज्याचा मला एवढा तोरा होता, तो हळूहळू विरघळून बेडकांना मिळाला.

संध्याकाळी बाहेर काढले तेव्हा मी फुगून घट्ट झाले होते. बिसराम खूश झाला. "पहा, कशी आवळली," म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मूर्खाला उत्तर देऊ नये, आणि मला तर तोंडच नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवरीच्या अलीकडे मुलाच्या गावाबाहेर पोचलो. तोवर उन्हाने मी खडखडीत वाळले होते. भैयाजी रेंगीतून केव्हाच पुढे गेले होते. आमराईत खासर थांबले, तसा दुधराम खाली बघत पुटपुटला, "रुख्माची माय, बाबा म्हनत होते का... तू इथंच..."

"मले खुर्चीवर बसवा," शामकला म्हणाली.

दोघांनी तिला उचलून माझ्यावर ठेवले. मी सारे बळ एकवटले. खरेच सांगते, इतका जीव लावून मी कधीच उभी राहिले नव्हते. पण डावा हात निसटला, मग पाठ, मग चाक आडवे झाले आणि शामकला धुळीत बसली. बिसरामच्या तोंडचे पाणी पळाले. दुधरामच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्यासारखे काही आले. ते मी पाहिले आणि तिनेही पाहिले.

मी मनात म्हटले, संपले. माझ्याशिवाय ही बाई पाऊलभर हलायची नाही.

शामकलेने लुगडे आवळून घेतले आणि नवऱ्यापुढे हात केला. "तुमच्या वाहाना द्या."

"कायले?"

"द्या ना जी."

दुधरामने वाहाणा काढल्या. तिने त्या दोन्ही हातांत घातल्या, तळवे जमिनीला टेकले, अंग उचलले आणि पुढे टाकले. पुन्हा टेकले, पुन्हा उचलले. वाटेत गोटे होते, शेण होते, बाभळीचे काटे होते. आमराईपासून त्या घरापर्यंत दोन शेतांचे अंतर तरी असेल. मागून दुधराम अनवाणी चालत होता. आणि सर्वांत मागे अपराधी चेहऱ्याने बिसराम, डोक्यावर माझा सांगाडा घेऊन. माझी काय गरज होती, ते त्यालाच ठाऊक. अशा रीतीने मी मुलाच्या अंगणात शिरले, डोके खाली आणि चाके वर.

सपरीत, म्हणजे ओसरीवर, पाच-सहा माणसे बसली होती. पानाचे तबक मध्ये होते. मुलाचे वडील शालीकराम सुपारी कातरत होते आणि भैयाजी सांगत होते, "सून येनारच होती जी, पन तापानं फणफणून राहिली. आमगावलेच ठेवली तिले." तेवढ्यात सून अंगणात आली. धुळीने माखलेली, तळहातांत वाहाणा आणि कोपराला रक्त. भैयाजींचे तोंड तसेच उघडे राहिले. शालीकरामने एकदा तिच्याकडे पाहिले, मग नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावरून दुधरामकडे पाहून विचारले, "ह्या कोन? यायले काय झालं?"

दुधरामने बापाकडे पाहिले. मग आपल्या अनवाणी पायांकडे पाहिले. "मुलीची आई," तो म्हणाला. "काय झालं, ते तिलेच विचारा."

मित्रांनो, हे बापासमोरचे त्याचे पहिले पुरे वाक्य. माणूस बोलायला एवढी वर्षे लावतो.

सगळे एकदम उठले. कोणी म्हणे खाट आणा, कोणी म्हणे उचलून वर घ्या. तोवर आतून मुलाची आई, देवकाबाई, हात पुसत आली. तिने कोणाला काही विचारले नाही. ती अंगणात शामकलेसमोर मातीतच मांडी घालून बसली आणि पदराने तिचे कोपर पुसू लागली.

"लय लांबून आल्या, इहीनबाई," ती म्हणाली. "बोला."

शामकलेला धाप लागली होती. तिने श्वास घेतला. "तुमच्या घरी पुंजन्यावर कोन चढते?"

"मी चढतो. सूनबी चढल. कामाले आमच्या घरी माफी नाई."

"चढू द्या. माई पोरगी कामाची आहे. पन एखांद्या दिवशी ती म्हनली का, आज माया जीव बरा नाई, मी नाई चढत. मंग?"

देवकाबाईने शामकलेच्या पायांकडे पाहिले, जे पाय इतका वेळ सगळे चोरून बघत होते. तिने सरळ पाहिले.

"मंग मी चढीन," ती म्हणाली. मग तिने मान हलवली. "नाई. मी बी नाई चढनार. त्या दिवशी धान पडून राहील. पाऊस आला तं भिजल."

"असं कसं? सालभराचं धान भिजू द्याचं?" सपरीतून शालीकराम म्हणाला.

"तुमी चूप रहा जी. धान पुढच्या साली होते."

"हे या पाच मानसायसमोर म्हना," शामकला म्हणाली.

देवकाबाईने पदर सावरला आणि पुन्हा म्हटले, सर्वांना ऐकू जाईल असे. मग तिने दाराआड उभ्या असलेल्या कवडूला बाहेर बोलावून त्याच्याकडूनही म्हणवून घेतले. तो लाजला, पण म्हणाला.

भैयाजींना आता वाचा फुटली. "एवढ्याशा गोठीसाठी चार लोकायत आमची शोभा केली. बाईच्या जातीनं..."

"मामाजी," शामकला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी बी त्या दिवशी नाई म्हनलं होतं."

भैयाजींनी तबकातले पान उचलले, तोंडात घातले आणि ते चावायचे विसरले. चार वर्षांपूर्वी काय घडले, ते त्या अनोळखी माणसांना सांगावे लागले नाही. त्यांना ते भैयाजींच्या तोंडावर वाचता आले.

"मंग माई पोरगी दिली," शामकला देवकाबाईला म्हणाली. दिली, असे त्या घरात तीच म्हणाली. पुरुषांनी मागाहून माना हलवल्या.

मी कुंपणापाशी तुकड्यांत पडले होते, हे सारे पाहत. भैयाजी, दुधराम, बिसराम, तो पागोटेवाला, सगळ्यांना मी इतकी वर्षे तुच्छ मानत आले. पण हेही तितकेच खरे, की मीही तिला माझ्यावरचे ओझेच समजत होते. ती माझ्यावर बसते म्हणून चार माणसांत दिसते, अशी माझी समजूत होती. दिसत होते ती मीच. मी मोडले तेव्हा ती पहिल्यांदा दिसली.

परत आल्यावर सुताराने मला पाहून नाक मुरडले. दुरुस्ती नको, असे शामकलाच म्हणाली. तिने माझी मागची लहान चाके काढून, सुताराच्या आणखी दोन चाकांसह, एका फळीला बसवून घेतली. जमिनीपासून वीतभर उंचीची ती फळी. ना पाठ, ना हात, ना वेत. तिच्यावर बसून ती स्वयंपाकघरात जाते, गोठ्यात येते, बायकांच्या घोळक्यात जाऊन गप्पा मारते. कानामागून आली आणि तिखट झाली. वैशाखात रुख्माचे लग्न झाले, तेव्हा मांडवात त्या फळीला हळदकुंकू लागले आणि गोठ्यात पडलेल्या मला बैलांनी चाटले. माझा जळफळाट झाला नाही असे म्हणणार नाही.

आता १९६० साल आहे. नवे राज्य झाले म्हणून गावात साखर वाटली. गोठ्यापर्यंत ती आली नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतात. तेल द्या, उन्हातान्हात टाकू नका, फेकू नका. माझ्या जातीची एखादी तुमच्या घरी असेल तर तिला जरूर तेल द्या, आणि कोणी शहाणा तिला बोडीत घालू लागला तर त्याचा हात धरा. पण माझे मागणे ते नाही. कधी चाकांच्या खुर्चीवर बसलेले कोणी भेटले, तर खुर्चीचे कौतुक करू नका, आणि मागे कोण उभे आहे तेही बघू नका. खाली बसा. धुळीत बसावे लागले तरी बसा. आणि मग जे विचारायचे ते त्या माणसाला विचारा आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत उठू नका.

काम एवढेसेच आहे. तुम्हाला जमेल की नाही, याची मला शंकाच आहे.